वतर म्हणजेच कर्ण

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू हायस्कूलमध्ये गणित शिकवते. नोकरीला तेरा वर्षे झाली. आमच्या घरात उर्दू बोलली जाते, गल्लीच्या टोकाला अहिराणी सुरू होते आणि पंचायत समितीच्या कचेरीत पाऊल टाकले की मराठी. बी.एड. मी मराठी माध्यमाच्या कॉलेजात केले. पाठ टाचणे मराठीत लिहायची आणि सराव पाठ उर्दू शाळेत घ्यायचे, असे ते वर्ष गेले. तेव्हापासून प्रत्येक आकृतीला माझ्या डोक्यात दोन नावे आहेत.

आयताला आमच्या पुस्तकात मुस्ततील म्हणतात, चौरसाला मुरब्बा, त्रिकोणाला मुसल्लस, काटकोनाला जाविया कायमा. आयताचे समोरासमोरचे कोपरे जोडणारी जी तिरकी रेषा, ती वतर. मराठीत कर्ण.

या अंकात बहुधा कथा, कविता, आत्मकथने असतात. गणितावर लिहा, असे मला कोणी सांगितलेले नाही. पण आपल्या मुलांच्या, त्यातही मुलींच्या आयुष्यात ही एक रेषा किती कामाला येते आणि तिच्या नुसत्या नावावरून काय काय अडते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून लिहिते.

प्रश्न अगदी साधा आहे. आयताची लांबी ठाऊक आहे, रुंदी ठाऊक आहे, कर्ण किती? लहान वर्गातल्या मुलांना विचारले तर बहुतेक जण दोन्ही बाजूंची बेरीज करून मोकळे होतात. अशा वेळी मी त्यांना मैदानावर नेते. समजा, मैदान ४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. फाटकापासून समोरच्या कोपऱ्यातल्या नळापर्यंत कडेकडेने चालत गेलो तर ७० मीटर चालावे लागते. पण मधल्या सुट्टीत कोणी कडेने जाते का? मैदानात तिरकी पायवाट पडलेली असते, तिथे गवतसुद्धा उगवत नाही. म्हणजे ही वाट ७० मीटरपेक्षा कमी आहे, हे पोरांच्या पायांना आधीच ठाऊक आहे. डोक्याला तेवढे सांगायचे राहिलेले असते.

मग फळ्यावर हिशेब येतो. ४० चा वर्ग १६००, ३० चा वर्ग ९००, बेरीज २५००, तिचे वर्गमूळ ५०. कडेने ७०, तिरके ५०. वीस मीटर वाचले.

इथे एखादा हुशार मुलगा विचारतोच, वर्ग कशाला करायचे? नियम आहे म्हणून, असे उत्तर देऊन चालत नाही. मी जुन्या लग्नपत्रिका जमवून ठेवते. आमच्या मोहल्ल्यात त्यांना तोटा नाही. ८ इंच लांब आणि ६ इंच रुंद अशा दोन पत्रिका घ्यायच्या. दोन्ही कर्णावर कापायच्या. चार काटकोन त्रिकोण मिळतात. आता हे चार तुकडे अशा रीतीने मांडायचे की प्रत्येकाची तिरकी बाजू बाहेर येईल. मोठा चौरस तयार होतो आणि मधोमध एक छोटी चौकोनी खिडकी उरते. खिडकीची बाजू ८ वजा ६, म्हणजे २ इंच. आता क्षेत्रफळ मोजा. दोन पत्रिकांचे ४८ आणि ४८, खिडकीचे ४. एकूण १००. मोठ्या चौरसाचे क्षेत्रफळ १०० चौरस इंच, तर त्याची बाजू १० इंच. आणि ती बाजू म्हणजेच पत्रिकेचा कर्ण. ६ चा वर्ग ३६, ८ चा वर्ग ६४, बेरीज तीच १००. मुले पट्टी लावून पाहतात आणि खरोखरच १० इंच भरते, तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहतात.

माझे मामू सुतार होते. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. दारांच्या चौकटी करण्यात त्यांचा हात होता. चौकट जुळवून झाली की ते ती जमिनीवर आडवी ठेवीत, टेपचे एक टोक माझ्या हातात देत आणि म्हणत, "कोना-कोना नाप." आधी या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापे सारखी आली की चौकट गुण्यात. दोन सूत जरी फरक आला, तरी ज्या बाजूचे माप जास्त भरले त्या कोपऱ्यावर ते लाकडी हातोडीने हलकेच ठोकत आणि पुन्हा मोजत. चौकट गुण्यात आली की लगेच तिच्यावर एक तिरकी पट्टी ठोकून टाकत. भिंतीत चौकट बसून सिमेंट धरेपर्यंत ती पट्टी काढायची नाही. चार काठ्यांची चौकट हाताने दाबली तर कलते. तीन काठ्यांचा त्रिकोण कलत नाही. तिरकी पट्टी चौकटीचे दोन त्रिकोण करते.

हे सगळे आमच्या नववीच्या पुस्तकात आहे. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे असतील तर तो चौकोन आयत असतो. मामूंनी ते वाचलेले नव्हते, पण चौकटीच्या उभ्या पट्ट्या एका मापाच्या, आडव्या एका मापाच्या, आणि मग कोना-कोना, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. नुसते कर्ण सारखे असून भागत नाही. वरची बाजू आखूड आणि खालची लांब असलेल्या समलंब चौकोनाचेही कर्ण सारखे असू शकतात. म्हणून आधी बाजू, मग कर्ण.

तरी मामूंच्या कामात आणि माझ्या कामात एक फरक आहे, तो मी मुलांना मुद्दाम सांगते. मामू कर्ण मोजत. आपण कर्ण काढतो. मोजायला वस्तू समोर लागते. जी वस्तू अजून घरात आलेलीच नाही तिला टेप लावता येत नाही. तिथे हिशेबच लागतो.

हा फरक मला एका विद्यार्थिनीने फार चांगला समजावून दिला. ती तेव्हा दहावीला होती. वडील हातगाडीवर फळे विकत. तिच्या मोठ्या बहिणीचे लग्न ठरले होते. मुलाकडच्यांनी पलंग, भांडी आणि कपाट सांगितले होते. कपाट साडेसहा फुटीच पाहिजे, कारण त्यांच्या मोठ्या सुनेने तेवढेच आणले होते. वडिलांनी दुकानात जाऊन मापे लिहून आणली: उंची ७८ इंच, रुंदी ३६ इंच, खोली १९ इंच. मुलाचे घर म्हणजे एक खोली, वर लाकडी माळा. माळ्याच्या तुळईखाली उंची ६ फूट ७ इंच, म्हणजे ७९ इंच. कपाट ७८ इंच. एक इंच जागा उरते, तेव्हा काम झाले, असे सगळे म्हणत होते.

मधल्या सुट्टीत ती वहीचे पान घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, अलमारी अंदर तो आ जाएगी, खड़ी नहीं होगी."

तिचे म्हणणे असे होते. दार सहा फुटांचे. त्यातून कपाट उभे येणार नाही, आडवे करूनच आणावे लागेल. आत आणून पाठीवर ठेवायचे आणि मग उचलून उभे करायचे. उभे करताना मध्येच एक क्षण असा येतो की कपाटाचा एक कोपरा जमिनीवर असतो आणि त्याच्या समोरचा कोपरा बरोबर त्याच्या डोक्यावर. त्या क्षणी कपाटाची उंची ७८ राहत नाही, ती कर्णाइतकी होते. ७८ चा वर्ग ६०८४. १९ चा वर्ग ३६१. बेरीज ६४४५. आणि वर जागा आहे ७९ ची; ७९ चा वर्ग ६२४१. "६२४१ में ६४४५ कैसे समाएगा?" कुशीवर पाडून उभे करायचे म्हटले तर १९ च्या जागी ३६ येतात, ते तर आणखी वाईट.

मला सगळ्यात आवडले ते हे की तिने वर्गमूळ काढलेच नव्हते. ६४४५ चे मूळ ८० आणि वर थोडे, असे काहीसे येते. पण ते किती, हे तिला जाणून घ्यायची गरजच नव्हती. कर्ण जागेपेक्षा मोठा की लहान, एवढाच प्रश्न होता, आणि वर्गांची तुलना केली की त्याचे उत्तर मिळते. परीक्षेत वर्गमूळाच्या भीतीने पूर्ण प्रश्न सोडून देणारी किती तरी मुले मी पाहिली आहेत. या मुलीने भीतीच्या शेजारून वाट काढली होती.

वडील ते पान घेऊन मुलाकडे गेले. आधी तिथे हसे झाले. दहावीची पोरगी आता अलमारीचे शास्त्र शिकवणार का, असे कोणी तरी म्हणाले. मग मुलाच्या थोरल्या भावाने पुठ्ठ्याची लांब पट्टी कापून तुळईखाली फिरवून पाहिली आणि सगळे गप्प झाले. शेवटी सहा फुटी कपाट घ्यायचे ठरले. ७२ चा वर्ग ५१८४, त्यात ३६१ मिळवले की ५५४५. हे ६२४१ मध्ये आरामात बसते. ते कपाट आजही त्या घरात उभे आहे.

कपाट कोणत्या मापाचे घ्यावे, हा गणिताचा प्रश्न होता. ते मुलीच्या बापानेच का घ्यावे, हा गणिताचा नव्हता. पालक सभेत मी ही हकिकत नाव न घेता सांगितली आणि दोन्ही प्रश्न मांडले. बाप मंडळी खाली बघत बसली. मागच्या रांगेतून एक आई मोठ्याने म्हणाली, "मॅडम, हिसाब तो आपने सिखा दिया, अब ना कहना भी सिखाओ." त्यावर बायका हसल्या. मला मात्र हसू आले नाही. ना म्हणायलाही आधी आकडा हातात असावा लागतो, असे मला तेव्हापासून वाटते. हातात ते पान नसते तर त्या फळविक्याने तोंड उघडले नसते.

कर्णाचा उपयोग घरोघरी आहेच. टीव्ही आणि मोबाईलचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, हे ऐकून मुलांना आजही नवल वाटते. जुन्या टीव्हीचा पडदा ४ ला ३ या प्रमाणात असे. २० इंची म्हणजे १६ इंच रुंद आणि १२ इंच उंच. तो आपला ३, ४, ५ चाच घरोबा. आताचा पडदा १६ ला ९. त्यामुळे ३२ इंची टीव्ही ३२ इंच रुंद नसतो, २८ इंचाला थोडा कमीच भरतो. भिंतीवरचा कोनाडा मोजून टीव्ही आणायला जाणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

आता नावांकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे.

वतर हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ धनुष्याची दोरी. आमच्या भूमितीत काटकोन त्रिकोणाची काटकोनासमोरची बाजू वतर, आयताचा कर्णही वतर आणि वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणारी रेषाही वतर. मराठीत या शेवटच्या रेषेला जीवा म्हणतात. जीवा म्हणजे काय? धनुष्याची दोरीच. बी.एड.ला असताना हे मला कळले, तेव्हा दोन घरांत वेगवेगळ्या नावाने राहणारी एकच व्यक्ती भेटल्यासारखे वाटले होते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम सांगितला आहे: आयताच्या दोन बाजूंवर वेगवेगळे जे चौरस होतात, त्या दोघांएवढा चौरस कर्णाच्या दोरीवर होतो. तिथेही शब्द दोरीचाच आहे, आणि शुल्ब म्हणजेही दोरी. हायपोटेन्यूज या ग्रीक शब्दाचा अर्थही खाली ताणलेली असाच आहे. वेद्या बांधणारे असोत, धनुष्य ओढणारे असोत की जमीन मोजणारे, सगळ्यांनी ही रेषा आधी दोरीने ताणली आणि मग तिला नाव दिले.

यापेक्षाही जुनी गोष्ट बगदादजवळ सापडली. १९६२ साली तिथल्या उत्खननात मातीची एक पाटी मिळाली, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर एक उदाहरण सोडवलेले आहे. आयताचा कर्ण सव्वा, क्षेत्रफळ पाऊण, बाजू काढा. रीत अशी: क्षेत्रफळाची दुप्पट दीड. सव्वाच्या वर्गातून दीड वजा केले की एक सोळांश उरतो. त्याचे मूळ पाव. म्हणजे दोन बाजूंत पावाचा फरक आहे. एक बाजू १, दुसरी पाऊण. हे मी वर्गात सांगते तेव्हा लग्नपत्रिकांचा चौरस पुन्हा मांडते. दुप्पट क्षेत्रफळ म्हणजे कापलेल्या दोन पत्रिका, आणि उरलेला एक सोळांश म्हणजे मधली खिडकी. त्या पाटीवर ज्याने हे लिहिले त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा अशीच काही आकृती असावी.

त्याच बगदादमध्ये नवव्या शतकात अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावरच्या आपल्या ग्रंथात मोजमापाचे एक प्रकरण घातले. आणि आपल्या खानदेशाच्या वाटेने पाहिले तर भास्कराचार्य आहेत. ११५० साली त्यांनी 'लीलावती' पूर्ण केली. तिच्यात भुज, कोटी आणि कर्ण यांचा नियम आहे आणि पहिलेच उदाहरण ३ आणि ४ चे आहे. त्याखेरीज वाऱ्याने मोडलेल्या बांबूचे उदाहरण आहे: ३२ हात उंच बांबू मोडून त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर टेकले, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. उरलेले २० हात हा कर्ण. लग्नपत्रिकांसारखी चार त्रिकोणांची मांडणी त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केला, असे त्यात कोरलेले आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. आम्ही शाळेची सहल पाटणादेवीला नेली होती. मुलांचे निम्मे लक्ष माकडांकडे होते, पण आपल्या जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी गणितासाठी मठ होता, हे त्यांनी घरी जाऊन सांगितले.

याच 'लीलावती'चा १५८७ साली अकबर बादशहाच्या सांगण्यावरून फैजी यांनी फारसी अनुवाद केला. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती, घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला आणि वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती ज्या लेखनातून आपल्यापर्यंत आली ते फैजींची प्रस्तावना आहे. गोष्ट खरी की रचलेली, हा वाद बाजूला ठेवू. पण आपल्या मातीतले गणित फारसीत गेले आणि फारसीतली गोष्ट पुन्हा मराठी घराघरांत परत आली. ज्ञान असेच या भाषेतून त्या भाषेत ये-जा करीत राहिले. मग आमच्या मुली दहावीनंतर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना का पडतात?

कपाटाचा हिशेब करणारी ती मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिने अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. तिथे सगळे इंग्रजीत. तीन आठवड्यांनी ती मला भेटायला आली. चेहरा उतरलेला नव्हता, उलट कुतूहल होते. म्हणाली, "मॅडम, वो लोग वतर को दो नाम से बुलाते हैं. मुसल्लस में हायपोटेन्यूज, मुस्ततील में डायगोनल. एक ही तो चीज है, दो नाम क्यों?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. इंग्रजीत खरोखर दोन शब्द आहेत. उर्दूत एक आणि मराठीतही एक. आणि तो एकच शब्द अर्धे उत्तर आधीच देऊन टाकतो. आयताचा कर्ण काढायचा म्हणजे काय करायचे? त्याचे दोन काटकोन त्रिकोण झाले, हे ओळखायचे, आणि आयताचा कर्ण तोच त्रिकोणाचाही कर्ण, हे ओळखायचे. बस्स, पुढे नुसता हिशेब. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला ही ओळख करून द्यावी लागते. वतर किंवा कर्ण म्हणणाऱ्याला ती शब्दाबरोबरच मिळालेली असते. आपली भाषा मागे आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी या एका शब्दाकडे पाहावे. मी तिला एवढेच सांगितले की ते दोन शब्द दोन चुलत बहिणी समज, घर एकच आहे.

त्याच बाकावर दहावीला तिच्या शेजारी आणखी एक मुलगी बसत असे. हिशेबात ती हिच्यापेक्षा तेज. तिनेही त्याच वर्षी सायन्स घेतले आणि दुसऱ्या महिन्यात कॉलेज सोडले. घरच्यांनी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, गणित जमत नाही. घरच्यांना ते पटले. त्याच थंडीत तिची सोयरीक झाली. पुढे दोन-तीन वर्षांनी ती बाजारात भेटली, कडेवर लहान मुलगी. बोलता बोलता मी विचारले, नेमके काय अडले होते? तिने काही शब्द सांगितले, तुटक, जसे आठवले तसे. हायपोटेन्यूज होता, स्क्वेअर रूट होते, पर्पेंडिक्युलर होते. मी एकेकाचा उर्दू शब्द सांगत गेले. वतर. जजर. अमूद. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ये सब तो मुझे आता था, मॅडम. बस ये नहीं मालूम था कि वो यही है."

तिचे हे वाक्य मी तेव्हापासून बरोबर घेऊन हिंडते. जी गोष्ट येत नाही ती शिकवता येते. पण जी येते तीच येत नाही असे एखाद्या मुलीला वाटू लागले, तर तिला कोणी शिकवायचे आणि काय?

त्या उन्हाळ्यात मी एक तक्ता केला. तीन रकाने: उर्दू, मराठी, इंग्रजी. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या पुस्तकांतला भूमितीचा आणि बीजगणिताचा प्रत्येक शब्द. इंग्रजी शब्द देवनागरीत आणि उर्दूतही लिहिले, म्हणजे उच्चार अडू नये. वर्गाच्या भिंतीवर तो लावला आणि दहावीची पूर्वपरीक्षा झाली की प्रत्येकाला त्याची एक प्रत देऊ लागले. बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर पंधरा दिवस मुलांनी शाळेत यायचे. नवीन काही शिकवायचे नाही. येत असलेलेच गणित इंग्रजी नावांनी पुन्हा करायचे. वतरचे उदाहरण हायपोटेन्यूज म्हणून, मग डायगोनल म्हणून, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येते, हे आपल्या हाताने पाहायचे.

याला शाळेत विरोधही झाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, भिंतीवर इंग्रजी आणि मराठी आली तर उर्दूची काय इज्जत राहिली? दुसरे म्हणाले, एवढे करायचे तर मुलांना सरळ इंग्रजी शाळेतच का घालू नये? दोघांनाही माझे उत्तर एकच. मूल ज्या भाषेत आईशी बोलते त्या भाषेत त्याला गणित पटकन कळते. ते कळू द्यावे. पण ज्या दारातून त्याला पुढे जायचे आहे त्या दारावर कोणती पाटी आहे, तेही त्याला वाचता यावे. यात उर्दूची इज्जत जात नाही. मुलगी कॉलेज सोडून घरी बसते तेव्हा जाते.

कपाटवाली मुलगी आता बी.एस्सी. होऊन बी.एड. करते आहे. मे महिन्यात सुट्टीवर आली की ती या पंधरा दिवसांच्या वर्गाला शिकवायला येते. माझ्यापेक्षा चांगले शिकवते, कारण कोणता शब्द कुठे टोचतो हे तिच्या पायाला ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्या वर्गात मागच्या बाकावर एक मोठी बाई येऊन बसू लागली. ती दुसरी मुलगी. तिची लेक आता बालवाडीत जाते. तिने बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरायचे ठरवले आहे. तक्त्याची प्रत मागायला ती आली तेव्हा मला वाटले, लेकीसाठी नेत असेल. म्हणाली, "नहीं मॅडम, मेरे लिए."

आपल्या या अंकाचे वाचक बरेचसे शिकले-सवरलेले आहेत. कोणी बँकेत आहे, कोणी वकील आहे, कोणी पोस्टात, कोणी माझ्यासारखे शिक्षक. आपल्यापैकी अनेकांनी ही उडी कधी तरी मारलेली आहे, उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत, आणि ती मारताना काय लागले तेही आपल्याला आठवते. आपल्या मोहल्ल्यात दहावी झालेली मुले-मुली एप्रिल-मेमध्ये रिकामी असतात. संध्याकाळी तासभर त्यांच्याजवळ बसावे. नवीन गणित शिकवायची गरज नाही. एक आयत काढावा, त्यात एक तिरकी रेषा ओढावी आणि तिची तिन्ही नावे त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यावीत.